निवाडा आणि समेट

भांडणाचा निकाल लागणे आणि भांडण मिटणे या दोन गोष्टी एकच आहेत, असा आपणा सर्वांचा सर्वसाधारण समज असतो. कोर्टाचा कागद हाती आला की वाद संपला, असे आपण मानतो. ज्यांनी बांधावरची भांडणे जवळून पाहिली आहेत, त्यांना हा समज किती फसवा आहे हे सांगावयास नको. जे दोन घरांत खरे, ते दोन राष्ट्रांतही खरे ठरते. म्हणूनच दोन शेजारी देशांची एक हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती दूरदेशीची आहे खरी. परंतु ती आपल्याच शिवारातील वाटल्यावाचून राहणार नाही.

दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाला बीगल नावाची एक अरुंद खाडी आहे. तिच्या पूर्वेकडील मुखाशी पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही तीन छोटी बेटे आहेत. थंड वाऱ्याने झोडपलेली, जवळजवळ निर्जन. पण ज्याचे बेट, त्याचा भोवतालच्या समुद्रावर हक्क. आणि समुद्र म्हटला की मासळी आली, जलमार्ग आला आणि देशाचा मानही आला. चिली व आर्जेंटिना या दोन देशांनी १८८१ साली सीमेचा तह केला होता. तथापि या बेटांपाशी येताच त्या तहाचा अर्थ दोघे दोन तऱ्हांनी लावू लागत.

हे दोन्ही देश बहुसंख्य कॅथोलिक. भाषा एक, उपासना एक. त्यांच्यातील सीमेचा आणखी एक वाद १९०२ साली ब्रिटनच्या राजाच्या लवादाने मिटला, तेव्हा त्या आनंदात त्यांनी आंदीस पर्वतातील सरहद्दीच्या खिंडीत प्रभू ख्रिस्ताचा ब्राँझचा भव्य पुतळा उभारला. समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरांहून अधिक उंचीवर त्याचे सुटे भाग खेचरांवरून वाहून नेले होते. १९०४ च्या मार्च महिन्यात त्याचे अनावरण झाले. तो पुतळा आजही तेथेच उभा आहे.

पण पुतळा उभा राहिला म्हणून मने शांत राहतातच असे नाही. बेटांचा वाद १९७१ साली लवादाकडे सोपविण्यात आला. आंतरराष्ट्रीय न्यायालयातील पाच न्यायाधीश त्यासाठी बसले. १९७७ साली निवाडा जाहीर झाला: तिन्ही बेटे चिलीची. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपावयास हवे होते. परंतु जानेवारी १९७८ मध्ये आर्जेंटिनाने तो निवाडा रद्दबातल असल्याचे घोषित केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाताळ तीन-चार दिवसांवर आला असता, आर्जेंटिनाचे आरमार बेटांच्या रोखाने निघाले होते आणि चिलीचे आरमार त्याला तोंड देण्यास सिद्ध होते.

वाचकहो, येथे आम्ही क्षणभर थांबतो. कारण ही गोष्ट धर्मगुरूच्या मनाला बोचणारी आहे. दोन्हीकडचे सैनिक एकाच ख्रिस्तसभेची लेकरे. दोन्हीकडच्या माता त्या रात्री एकाच पवित्र मरियेपुढे मेणबत्ती लावून आपापल्या पुत्रासाठी प्रार्थना करीत असतील. धर्म एक आहे एवढ्यावरून युद्ध टळत नाही, हे कटू सत्य आपण डोळे उघडे ठेवून मान्य केले पाहिजे.

पोप जॉन पॉल दुसरे यांना पोपपदावर येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी दोन्ही सरकारांना आपला दूत पाठवीत असल्याचे कळविले. हा दूत म्हणजे ७३ वर्षांचे इटालियन कार्डिनल अंतोनिओ सामोरे. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचा आणि जुन्या दप्तरांचा कारभार पाहणारे हे वृद्ध गृहस्थ २६ डिसेंबरला ब्वेनोस आयरेसला उतरले. त्यांच्यापाशी सैन्य नव्हते, खजिना नव्हता. एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत जावे, ऐकावे, पुन्हा परत यावे, असा त्यांचा क्रम चालला. ८ जानेवारी १९७९ रोजी मॉन्टेव्हिडिओ येथे दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या. पोपमहाशयांची मध्यस्थी त्यांनी मागितली, बळाचा वापर न करण्याचे वचन दिले आणि सैन्ये मागे घेण्याचे मान्य केले.

यानंतर चमत्कार घडला असे कोणी समजू नये. सहा वर्षे लागली. डिसेंबर १९८० मध्ये पोपमहाशयांनी मांडलेला तोडगा चिलीने स्वीकारला. आर्जेंटिनाने होकार दिला नाही. दोन्ही देशांत तेव्हा लष्करी राजवटी होत्या आणि आपल्याच नागरिकांवर त्यांनी केलेले जुलूम आज जगजाहीर आहेत. १९८२ साली आर्जेंटिनाने फॉकलंड बेटांसाठी ब्रिटनशी युद्ध केले आणि ते गमावले. १९८३ च्या अखेरीस तेथे लोकांनी निवडलेले सरकार आले. त्या सरकारने नोव्हेंबर १९८४ मध्ये तहाविषयी जनतेचा कौल घेतला, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक मते तहाच्या बाजूने पडली. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये शांतता व मैत्रीचा तह झाला. मध्यस्थीने काय केले, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर असे की तिने वेळ मिळवून दिला. राग निवेपर्यंत हात धरून ठेवले.

आणि आता सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट. या तहाने ती तीन बेटे कोणाला मिळाली? चिलीलाच! जे १९७७ च्या निवाड्यात होते, तेच १९८४ च्या तहात आले. मग फरक कोठे पडला? निवाड्याने बेटे कोणाची एवढेच सांगितले. मध्यस्थाने हरलेल्याला भीती कशाची वाटते, हे विचारले. चिली आपल्या अटलांटिक समुद्रात पाय रोवील, ही आर्जेंटिनाची भीती होती. म्हणून बेटे चिलीकडे ठेवून पलीकडच्या समुद्राचा मोठा भाग आर्जेंटिनाकडे राहील, अशी रेषा आखली गेली. हरलेल्याला मान खाली न घालता घरी परतण्याची वाट ठेवली गेली.

आमच्या परिचयाचे दोन चुलतभाऊ आहेत. बांधाचा दावा सुटून कित्येक वर्षे लोटली. परंतु रविवारी मिस्सा संपल्यावर एकजण बाहेर पडेपर्यंत दुसरा बाकावरून उठत नाही. जो जिंकला त्याच्या कपाटात हुकूमनामा आहे, आणि त्याच्या मुलांना शेजारच्या अंगणात खेळावयास मज्जाव आहे. न्याय हवाच, त्यावाचून समेट म्हणजे दुबळ्याची मुस्कटदाबी. पण न्याय मिळाल्यावर पुढचे पाऊल जिंकलेल्याने उचलावयाचे असते, कारण तेच त्याला सोपे असते.

कार्डिनल सामोरे यांना तो तह पाहावयास मिळाला नाही. फेब्रुवारी १९८३ मध्येच ते वारले. आज आंदीसमधील एका खिंडीला त्यांचे नाव आहे. तेथून दोन्ही देशांचे लोक रोज इकडून तिकडे जातात, माल नेतात, पाहुणे म्हणून येतात.