खडूचे कडे

ज्याने उभी हयात खडू हातात धरून काढली, त्याने खडूचा डोंगर पाहायला विलायतेला जावे, ही गोष्ट ऐकून आमचे हेडमास्तर पोट धरून हसले. "अहो, आपल्या कपाटात चार पेट्या पडल्या आहेत. त्या बघा की!" असे म्हणून त्यांनी माझ्या रजेच्या अर्जावर सही केली.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो त्याच वर्षी वडील गेले. घरात भाऊ दोन आणि पैसे एकाच्याच शिक्षणापुरते. गणितात मी कायमचा कच्चा, पण हा हिशेब मला चटकन सुटला. ड्रॉइंग मास्तरांचा कोर्स करून मी शाळेला चिकटलो. धाकटा बाळ शिकला, इंजिनियर झाला आणि समुद्र ओलांडून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाच्या गावी स्थायिक झाला. मी शाळा सांभाळून कादंबऱ्या लिहीत राहिलो आणि गावचे घर शाकारत राहिलो. ह्या दोन्ही उद्योगांत पैसा जातो, येत नाही.

गेल्या मे महिन्यात बाळने तिकीट पाठवले आणि मी गेलो. पिशवीत मेतकुटाची बरणी होती, भावजयीसाठी साडी होती, आणि अगदी तळाशी एक लांबट लिफाफा होता. त्यात वकिलांनी करून दिलेला मुखत्यारपत्राचा मसुदा होता. घर विकायचे तर बाळची सही हवी होती. मागच्या पावसाळ्यात मागची पडवी बसली, जांभ्याचे चिरे ढासळले, वाशांना वाळवी लागली. इकडे मुलीचे शिक्षण तोंडावर आलेले. गिऱ्हाईक बरे होते. सगळे खरे; पण विमानतळावरून त्याच्या घरी पोचलो, तो दिवाणखान्याच्या भिंतीवर आमच्या घराचा हा एवढा मोठा फोटो! ओटी, ओटीवरचा झोपाळा, मागे फणस. लिफाफा पिशवीच्या तळाशीच राहिला.

दुसऱ्या दिवशी बाळने मला समुद्र दाखवला. कोकणातल्या माणसाला समुद्र म्हणजे वाळू. ब्रायटनला वाळू जवळजवळ नाहीच, सगळे गोटे. लाट मागे फिरली की हजारो गोटे एकमेकांवर घासून खळखळतात. हे गोटे चकमकीच्या दगडाचे. खडूच्या खडकात चकमकीचे थर असतात. खडू पाण्यात विरघळतो, झिजतो आणि कठीण तेवढे मागे उरते. त्या भागातल्या जुन्या घरांच्या आणि देवळांच्या भिंतीही ह्याच दगडाच्या.

गावात एक राजवाडा आहे. जॉन नॅश नावाच्या वास्तुशिल्पकाराने १८१५ ते १८२३ ह्या वर्षांत त्याला आजचे रूप दिले. बाहेरून पाहावे तर घुमट-मिनार थेट हिंदुस्थानी, आत पाहावे तर सजावट चिनी. ज्याच्यासाठी हा थाट केला त्या चौथ्या जॉर्जाने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. मात्र पुढे हिंदुस्थानच त्या वाड्यात आला. १९१४च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी शिपाई येथे आणले गेले आणि राजवाड्याचे इस्पितळ झाले. झुंबरांखाली खाटा लागल्या. धर्म आणि जात सांभाळायची म्हणून नऊ निरनिराळी स्वयंपाकघरे थाटली गेली.

त्यांतले जे हिंदू आणि शीख शिपाई वाचले नाहीत, त्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागी १९२१ साली एक संगमरवरी छत्री उभारली. नावच 'छत्री', इंग्रजही तसेच म्हणतात. बाळ मला तिथे घेऊन गेला. मोटार खालीच ठेवून हिरव्या चढावरून पायी जावे लागते. पायाखाली दोन बोटे माती आणि तिच्याखाली लगेच पांढरा खडू. वर वारा असा, की बोललेले ऐकू येऊ नये. जवळच्या शिळेवर त्रेपन्न जणांची नावे आहेत. ती कोरली गेली २०१० साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. त्यांची राख समोरच्या समुद्रात सोडली होती.

बाळ म्हणाला, "मी येतो इथे अधूनमधून. उगाच."

"कशाला?"

"सांगितलं ना, उगाच."

परतताना बोलावे असे मनात होते. पण ज्यांची राखसुद्धा घरी गेली नाही त्यांच्यापुढून उठून घर विकण्याची गोष्ट काढणे मला जमले नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही डोव्हरला गेलो. इंग्लंडचा कडा म्हणजे डोव्हर, असे मी लहानपणापासून वाचत आलेलो. येथे इंग्लिश खाडी सर्वांत अरुंद आहे. जेमतेम चौतीस किलोमीटर. हवा स्वच्छ असली की पलीकडे फ्रान्सचा किनारा दिसतो. इसवी सनापूर्वी ५५ साली ज्यूलियस सीझर गलबते घेऊन आला तेव्हा कड्यांच्या माथ्यावर हत्यारबंद माणसे उभी दिसली. मुकाट्याने पुढे सरकून त्याला दुसरीकडे उतरावे लागले. नंतरच्या रोमनांनी बांधलेला दीपस्तंभ किल्ल्यात अजून उभा आहे. त्याला लागून चर्च आहे, आणि मधल्या काळात लोकांनी ह्या दीपस्तंभाचाच घंटाघर म्हणून उपयोग करून घेतला. किल्ल्याच्या पोटात खडू पोखरून केलेले बोगदे आहेत. १९४० साली डंकर्कहून तीन लाख अडतीस हजारांवर सैनिक सोडवून आणण्याच्या कामाची सूत्रे ॲडमिरल रॅमसे ह्यांनी ह्याच बोगद्यांतून हलवली.

हे सर्व पाहून मी भारावून गेलो, ह्यात शंका नाही. तरी मनात थोडे खुटखुटत होते. जिथे बंदराच्या भिंतींनी लाटा अडवल्या आहेत तिथे कड्यावर गवत चढले होते, झुडपे उगवली होती. पांढरा रंग कुठेकुठे करडा, कुठे हिरवट पडला होता.

मी म्हणालो, "हा कडा मळलाय रे."

बाळ म्हणाला, "समुद्र पोचत नाही ना इथपर्यंत. कडा पांढरा राहतो तो पडत राहतो म्हणून. पडायचा थांबला की गवत चढलंच. खरा पांढरा कडा तुला रविवारी दाखवतो. सिनेमावाले डोव्हर म्हणून बऱ्याचदा त्यालाच उभा करतात."

घरी आल्यावर रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

रविवारी आम्ही पूर्वेच्या बाजूला बीची हेड नावाच्या भूशिरावर गेलो. समुद्रापासून एकशे बासष्ट मीटर सरळ उभा कडा. ब्रिटनमध्ये खडूचा ह्याहून उंच समुद्रकडा नाही. खाली पाण्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ आहे, तो वरून मुलाच्या खेळण्यातला वाटतो. हा खडक मुळात डोळ्यांना न दिसणाऱ्या समुद्रजीवांच्या कवचांचा. ती तळाशी साचत गेली. हजार वर्षांत फार तर एकदोन सेंटीमीटर. थॉमस हक्सले ह्या शास्त्रज्ञाने १८६८ साली नॉरिच गावच्या कामकरी मंडळींपुढे खडूच्या एका तुकड्यावर व्याख्यान दिले होते. हक्सलेसाहेबांना माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यांपुढे बोलण्यात कमीपणा वाटला नाही, ह्याचे मला फार बरे वाटते. मात्र बाळने तिथेच माझा एक भ्रम घालवला. आम्ही फळ्यावर चालवतो तो खडू बहुतेक करून खडूचा नसतोच; तो जिप्समचा असतो. बावीस वर्षे मी ज्याला खडू म्हणत आलो, तो खडू नव्हे!

पुढे कड्यालगत बेल टूट नावाचा जुना दीपस्तंभ लागला. १८३०च्या दशकात बांधलेली ग्रॅनाइटची इमारत. कडा ढासळत ढासळत तिच्या दारापाशी आला, तेव्हा १९९९ साली लोकांनी ती साडेआठशे टनांची इमारत जशीच्या तशी उचलली आणि रुळांवरून सतरा मीटर मागे सरकवली. पुन्हा कधी सरकवावी लागली तर सरकवता यावी, अशी तजवीजही पायात करून ठेवली आहे. मी त्या इमारतीभोवती दोन फेऱ्या मारल्या. आमच्या घराखाली रूळ घालता आले असते तर मी ते कुठे नेले असते, असा विचार मनात आला आणि मलाच हसू आले.

तेथून उतरून आम्ही बर्लिंग गॅपला पोचलो. तिथून पश्चिमेला 'सात बहिणी' दिसतात. सात शिखरांची, पांढरीशुभ्र, लाटेसारखी वरखाली होत गेलेली कड्यांची रांग. मी मोजल्या, तर आठ आल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा आठ. "मास्तर, गणित अजून तसंच आहे," बाळ म्हणाला. पण मोजणारे बरेच जण आठावर येतात म्हणे.

कड्याच्या तोंडाशी घरांची एक छोटी रांग आहे. तटरक्षकांसाठी १८७८ साली ती बांधली, तेव्हा समुद्र चांगला लांब होता. समुद्र जवळ येत गेला तसतसे रांगेतले एकेक घर पाडावे लागले. २०१४च्या वादळी हिवाळ्यानंतर आणखी एक गेले. उरलेल्या घरांच्या खिडक्यांना पडदे होते. एका खिडकीत फुलांची कुंडी होती. तिला कोणी तरी सकाळीच पाणी घातले असावे. खाली ओल दिसत होती.

मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाळ शेजारी येऊन म्हणाला,

"दादा, कागद कधी काढणार आहेस?"

"कसले कागद?"

"पिशवीतले. पहिल्याच दिवशी मेतकुटाची बरणी काढताना हिला दिसले."

मला पायाखालचा कडा सुटल्यासारखे झाले. "मग विचारलं का नाहीस?"

"तू मोठा. तू बोलशील म्हणून थांबलो." थोडा वेळ तो समुद्राकडेच पाहत राहिला. मग म्हणाला, "माझ्यापायी तू मॅट्रिकवर थांबलास. ते कधी बोलला नाहीस. म्हटलं, घराचं तरी बोलशील."

ह्यावर काय बोलावे? तीन कादंबऱ्यांत मी भाऊ-भाऊ समोरासमोर आणून पानेच्या पाने त्यांना बोलायला लावले आहे. त्यांतले एक वाक्यही कामाला येईना.

"घराचा फोटो लावलायस ना तू," मी कसेबसे म्हणालो.

"फोटोला कौलं बदलावी लागत नाहीत, दादा. ती तू बदललीस." जरा थांबून तो म्हणाला, "सही करतो. एवढंच, ओटीवरचा झोपाळा विकू नकोस."

लोखंडी जिना उतरून आम्ही खाली किनाऱ्यावर गेलो. कड्याला टेकू नये, तो केव्हाही सुटतो, अशी पाटी होती. पाटी वाचून आम्ही दोघे पाण्याच्या कडेने चाललो. घरी येऊन बूट काढले तर दोघांचेही बूट खडूने पांढरे झाले होते. मला ते नेहमीचेच. बाळ मात्र बराच वेळ ब्रश घेऊन बसला होता.

सोमवारी लंडनला हायकमिशनात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही झाली. मी परत आलो. व्यवहार ठरला; ताबा दिवाळीनंतर द्यायचा आहे. ह्या वर्षीचा आकाशकंदील मी त्याच ओटीवर लावला आहे.

झोपाळा उतरवून ठेवला आहे. फणसाची फळी आहे, बापजाद्यांच्या वेळची. आम्ही जिथे बिऱ्हाड नेणार त्या दोन खोल्यांची मोजमापे मी पुन्हा पुन्हा घेतली. उभा धरा, आडवा धरा, झोपाळा एक हात लांब भरतो. फळी कापली तर बसेल. सुतार दोनदा येऊन परत गेला.

बाळला अजून कळवलेले नाही.