येरमाळ्याहून दोन दिवस

व्यापारी कुटुंबाच्या सहलीत भाड्याहून मोठा खर्च बंद दुकानाचा असतो. म्हणून दिवाळीचा हंगाम आटोपला, की दोनच दिवसांची सहल आखावी. सोलापूर–धुळे महामार्गावरील, बालाघाटच्या डोंगरांतील येरमाळा त्यासाठी सोयीचे.

पहिल्या दिवशी सकाळीच येडेश्वरीची टेकडी पायी चढावी आणि तेथून कुंथलगिरी गाठावी. देशभूषण-कुलभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये येथेच सल्लेखना घेतली. आधी कळवून धर्मशाळेत उतरावे, सूर्यास्तापूर्वी भोजन उरकावे; हॉटेलचा खर्च वाचतो.

दुसऱ्या दिवशी येरमाळ्यावरून दक्षिणेस येडशीला यावे. रामलिंगच्या दरीत उतरून, पुन्हा चढून, घरच्या शिदोरीवर दुपार काढावी आणि परततीच्या वाटेवर धाराशिवची लेणी पाहावीत. येथे दोर लागत नाही, तिकिटाचे साहसखेळही नाहीत. लागतात ते पाय आणि दम.

एक गोष्ट मात्र अवश्य करावी. निघताना ठरलेली रक्कम व हिशेबाची वही मुलांच्या हाती सोपवावी. चूक झाली तरी वडीलधाऱ्यांनी मध्ये पडू नये. उद्या ज्यांनी पेढी सांभाळायची, त्यांचे पहिले साहस हेच होय.