कावळा दाराबाहेर आहे तोवर

पोरगं एकदा भडकलं की त्याला शहाणपणाचं काही ऐकू येत नाही. राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो, आणि तीन वर्षांच्या लेकराकडून आपण तो आजच तयार मागतो. म्हणून ‘शांत हो’ हा हुकूम वाया जातो. गोष्ट मात्र आत शिरते, कारण ती लेकराकडे काही मागत नाही.

बोदवडला आमच्या मोठीमायकडे हे मी जवळून पाहिलं. मे महिना, वीज गेलेली, रात्री दहालाही पत्रे तापलेले. साडेतीन वर्षांची पणती फरशीवर पाय आपटत होती. कुल्फीवाला निघून गेला, एवढंच निमित्त. मोठीमायने तिला उचललं नाही, दटावलंही नाही. शेजारी बसून ओल्या पंच्याने तिचे तळपाय पुसू लागली आणि तिच्याइतक्याच वरच्या पट्टीत म्हणाली, “पाऊस आला! कावळ्याचं घर गेलं वाहून!” रडण्यात खंड पडला. मग मोठीमायचा आवाज पायरी-पायरीने खाली आला. कावळा दारात भिजतोय; आत चिमणी बाळाला न्हाऊ घालतेय, अंग पुसतेय, काजळ घालतेय. दर खेपेला कावळ्याला त्याच चालीचं उत्तर: ‘थांब, माझ्या बाळाला काजळ घालू दे!’ तिसऱ्या खेपेला पोर हुंदक्यांतून ते उत्तर स्वतःच म्हणू लागली. एवढं लांब वाक्य म्हणायचं तर श्वास पुरता सोडावा लागतो, आणि उच्छ्वास लांबला की काळजाचे ठोके मंदावतात. कावळ्याला घाईने आत घ्यायचं नाही, हे मोठीमायला पक्कं ठाऊक होतं.

सबंध गोष्टच थांबण्याची आहे. कावळ्याबरोबर ऐकणारंही दाराशी उभं राहतं, आणि आपण थांबायला शिकतोय याचा त्याला पत्ताही नसतो. तात्पर्य सांगणाऱ्या गोष्टी, त्या ‘रागीट बंटी शहाणा झाला’ छापाच्या, मला म्हणूनच आवडत नाहीत. बंटी म्हणजे आपणच, हे पोरं पहिल्या वाक्यातच ओळखतात. बागुलबुवाची भीती तर त्याहून वाईट. भ्यालेलं पोर गप्प होतं खरं, पण त्याच्या मुठी उघडत नाहीत.

गोष्टीची ही ताकद ओळखणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढलं. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक वर्गाला आधी शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि सपशेल फसतो. गोष्ट सुरू केल्यावर तीच दंगेखोर मुलं कान देऊन बसतात. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि बालशिक्षण गरिबांच्या अंगणापर्यंत नेलं. आज अंगणवाडीत सेविका पोरांना गोल बसवून हातवारे करत गोष्ट सांगते, तेव्हा मला या दोघांची आठवण येते. खिचडीइतकंच मोल त्या गोष्टीला द्यायला हवं, असं मी मनापासून म्हणेन.

मात्र वादळ उठल्यावर नवी गोष्ट काढून भागत नाही. गोष्ट आधी निवांतपणी, रोज, त्याच शब्दांत सांगितलेली हवी. आमच्याच जिल्ह्यात अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ रात्रींमध्ये विभागली, त्यातही हीच रीत दिसते: प्रार्थना झाली की गोष्ट, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. लहानांना तर शब्दही बदललेला खपत नाही. काजळाच्या आधी टोपी घातली, तर मोठीमायला पुन्हा मागे जावं लागायचं.

पुढे एकदा पोरीची आई कळण्याची भाकरी थापत होती, हात पिठाने भरलेले. पोरीला त्याच क्षणी कडेवर यायचं होतं. ओठ थरथरले, पाय वर उचलला गेला, मग तिने विचारलं, “आधी भाकरी, मंग मी?” आईने मान डोलावली. ती उंबऱ्यावर बसली. दुसरी भाकरी तव्यावर पडली तशी रडलीच, पण पहिली होईपर्यंत थांबली होती.