ताप नव्हता म्हणून

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो की वसतिगृहाचे स्वयंपाकघर प्रथम आठवते. तेथे माझ्या आईने २२ वर्षे तांदळाच्या भाकरी थापल्या. कोणत्या मुलाचे जेवण उणे झाले, हे तिला ताटावरून कळे. आणि उणे जेवणारे मूल आजारी पडणार, हा तिचा अंदाज सहसा चुकत नसे. तिच्या स्वतःच्या आजारात मात्र तिच्या मुलाला तिचे ताट वाचता आले नाही.

२०१८च्या पावसाळ्यातील ही गोष्ट. आई तेव्हा ८१ वर्षांची होती. चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने दिला, त्या १९३७ सालचा तिचा जन्म. तिचे वडील २० मार्च १९२७ रोजी महाडला होते, हे आमच्या घरचे वैभव. श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या घरी एके सकाळी तिने अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि ती वंदनेला बसली नाही. दुपारी न्हाणीच्या उंबऱ्याशी तिचा तोल गेला. सायंकाळी मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तिने हात मागे घेतला. "मी शिवणार नाही. वरून ओता," असे म्हणून तिने ओंजळ पुढे केली.

मी इतिहासाचा विद्यार्थी. बालपणाविषयी आई कधी फारसे बोलत नसे. त्या रात्री ती विहिरीविषयी, वडिलांविषयी बोलू लागली आणि मी वही घेऊन बसलो. मौखिक इतिहासाचे साधन हाती लागले, असे मला वाटले. ती मधेच वाक्य हरवत होती, मला तिच्या भावाच्या नावाने हाका मारत होती, पुन्हा ग्लानीत जात होती. आणि मी सनावळी जुळवीत होतो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

शेजारच्या वृद्धेने सुचवले, बाहेरचे काही असेल, भगताला दाखवा. मी तिला विज्ञाननिष्ठेवर चार शब्द सुनावले. "वय झाले आहे, दुसरे काही नाही," हे माझे उत्तर. थर्मामीटर ९९ अंश दाखवीत होता. ताप नाही, खोकला नाही. मग आजार कसला?

दुसऱ्या दिवशी गावातील आशाताई आल्या. त्या याच शाळेच्या विद्यार्थिनी. त्यांनी विचारले, "सर, मावशी परवा अशा होत्या का?" परवा आईने स्वतः सुकट निवडली होती. मग त्यांनी घड्याळ धरून आईचे श्वास मोजले. मिनिटाला ३२. रुग्णालयात निदान झाले : न्यूमोनिया.

डॉक्टरांनी समजावले ते असे. दुर्बळ झालेल्या वृद्ध शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. ताप हा त्या प्रतिकाराचाच भाग. म्हणून तो चढत नाही किंवा उशिरा चढतो. आईचे नेहमीचे तापमान ९७च्या आसपास असते, हे पुढे कळले. तिच्यासाठी ९९ हीच वाढ होती. छातीच्या संसर्गात खोकला किंवा लघवीच्या संसर्गात जळजळ असेलच असे नाही. त्याऐवजी एकाएकी भ्रम होतो, अन्न नकोसे होते, तोल जातो, अंथरुणात लघवी होते. किंवा माणूस नुसता निजून राहतो. हे शेवटचे लक्षण सर्वांत फसवे, कारण निजलेले माणूस कोणाला त्रास देत नाही. स्मृतिभ्रंश साधारणतः महिन्यावर्षांनी वाढतो; हा भ्रम तासादिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-अधिक होतो. त्याचे कारण संसर्गच असेल असेही नाही. उतरलेली साखर, घटलेले सोडियम, नवे औषध किंवा पक्षाघातही असू शकतो. म्हणून घरात उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. "काल असे नव्हते," एवढे सांगून त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

शेजारणीची बाधा आणि माझे 'वय' यांत फरक तो काय? दोघांनीही न तपासता कारण ठरवले होते. याच जिल्ह्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून लक्षणे टिपली आणि त्यातून पुढे प्राण वाचले. वही माझ्याही हाती होती. उदरविकाराने पडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह न्हाऊ घातले, हा विनयपिटकातील प्रसंग मी मुलांना दरवर्षी सांगतो. तेथेही आधी प्रश्न आहे : तुला काय होते आहे? तो मी विचारला नव्हता.

आईचा भ्रम पुरता निवळण्यास काही आठवडे लागले. नंतर मी तिला वही वाचून दाखवली. ती म्हणाली, "खरं आहे हे. पण इचारायचं होतं, तर मी बरी असताना इचारायचं." पुढील दोन वर्षे तिने ते सारे शुद्धीत, सावकाश सांगितले.

विद्यार्थ्यांनो, सुटीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांना ते बरे असतानाच त्यांचा इतिहास विचारा. आणि जेवताना त्यांच्या ताटाकडे पाहत जा.

जय भीम. नमो बुद्धाय.