डीलँडच्या भिंतीवरचा बागायतदार

ऑरलँडो सोडून ईशान्येकडे निघालो. फ्लोरिडा म्हणजे संत्र्यांच्या बागा, हे लहानपणापासून ऐकत आलेलो. पण मनरो सरोवरापाशी सेंट जॉन्स नदीचा पूल ओलांडेपर्यंत दिसल्या त्या वसाहती आणि दुकानं. डीलँड मात्र अजून गाव वाटतं. वुडलँड बुलेव्हारवर जुन्या विटांच्या इमारती, जवळच स्टेट्सन विद्यापीठ. आणि मी ज्यासाठी आलो होतो ते भित्तिचित्र : लू गिम गाँग.

वरूडकडच्या संत्र्यांच्या मुलखात वाढल्यामुळे या संत्र्याच्या बागायतदाराची ओढ होतीच. चीनच्या तैशान भागातून 1872 मध्ये तो पोरवयात अमेरिकेत आला, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ॲडम्सच्या जोड्यांच्या कारखान्यात राबला. क्षयानं पोखरला. रविवारच्या शाळेतल्या शिक्षिका फॅनी बर्लिंगेम यांनी त्याला जीव लावला, आणि ऊबदार हवेसाठी तो त्यांच्या डीलँडच्या बागेत आला. चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा 1882 चा. तरी 1887 मध्ये हा अमेरिकेचा नागरिक झाला.

फुलातला पराग दुसऱ्या फुलावर कसा लावायचा, हे त्याला आईनं शिकवलं होतं. ती विद्या इथे फळाला आली. 1894-95 च्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीनं फ्लोरिडातल्या बागा जळाल्या. अशा मुलखात थंडी सोसणारं आणि पिकल्यावरही महिनोन् महिने झाडावर टिकणारं त्याचं संत्रं म्हणजे केवढा दिलासा! आमच्याकडे आंबिया बहराची संत्री वेळेत तोडली नाहीत तर साल सुटून फळ पोकळ होतं, म्हणून या गुणाची किंमत मला चटकन कळली. 1911 मध्ये अमेरिकन पोमोलॉजिकल सोसायटीनं त्याला वाइल्डर रौप्यपदक दिलं. पुढे शास्त्रज्ञांनी ठरवलं की त्याचं संत्रं हा संकर नव्हता, व्हॅलेन्सिया या जातीच्याच बियांतून आलेलं रोप होतं. माझ्या लेखी त्यामुळे लूचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. हजार रोपांतून नेमकं रोप हेरणारी नजर हीच तर बागायतदाराची खरी कमाई.

पैसा मात्र त्याच्या हाती लागला नाही. पदक मिळवणारा हा माणूस घोडे आणि कोंबड्याच्या सोबतीनं एकटा, कर्जात राहिला आणि 1925 मध्ये वारला. भिंतीवरच्या त्या चेहऱ्यासमोर हेच जास्त टोचत राहिलं.

2005 मध्ये फ्लोरिडात सिट्रस ग्रीनिंग हा रोग सापडला आणि राज्याचं संत्र्याचं उत्पादन कोसळलं. वाटेत बागा का दिसल्या नाहीत, याचं थोडं उत्तर त्यात आहे, थोडं वाढत्या वसाहतींत.

आमच्या शेंदूरजनाघाटला पिढ्यान् पिढ्या जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणारे हात आहेत. नागपुरी संत्र्याचं नाव जगभर झालं, त्या हातांचं नाही. वरूड-मोर्शीच्या नगरपालिकांनो, एखादी मोठी भिंत त्यांच्यासाठी राखून ठेवा. आणि ते हात चालते आहेत तोवरच रंगवा.