अंगावर आलेला लहान मुलगा

‘तुझ्याहून बराच लहान मुलगा तुझ्याशी मारामारी करायला लागला, तर काय करशील?’ अमेरिकेतल्या वेक्स्लर बुद्धिमत्ता चाचणीत मुलांना असा एक प्रश्न असे. हात उचलणार नाही, अशा आशयाच्या उत्तराला गुण. टीकाकारांचा आक्षेप सरळ होता. ज्या वस्तीत मार खाऊन आलेल्या पोराला ‘जा, दोन ठेवून ये’ असं घरचेच सांगतात, तिथल्या कृष्णवर्णीय मुलाचे गुण इथे हकनाक जाणार. आक्षेप इतका पटण्याजोगा, की आकडे बघायची गरजच कुणाला वाटू नये.

1980 साली हा प्रश्न शिकागोच्या न्यायालयात पोहोचला. बुद्ध्यांकाचा आधार घेऊन कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं जातं, अशी तक्रार होती. न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी तज्ज्ञांच्या साक्षींवर विसंबून न राहता चाचण्यांतला एकेक प्रश्न स्वतः वाचला आणि उत्तरांसकट निकालपत्रात छापूनही टाकला. शेकडो प्रश्नांतले त्यांना नऊच खटकले. त्यांत माणकाचा रंग कोणता, बिल रोखीपेक्षा चेकने भरणं का चांगलं, आणि हा मारामारीचा, हे तीन होते. एवढ्याने चाचणी वाईट ठरत नाही, असा त्यांनी निवाडा दिला. कॅलिफोर्नियात न्यायाधीश पेकहॅम यांनी आदल्याच वर्षी नेमका उलटा निकाल दिला होता.

गंमत पुढेच आहे. 1984 मध्ये संशोधकांनी ग्रेडींना खटकलेले वेक्स्लरचे प्रश्न मुलांच्या प्रत्यक्ष उत्तरांवर पारखून घेतले. ते कृष्णवर्णीय मुलांना विशेष जड गेल्याचं दिसलं नाही. मारामारीचा प्रश्न तर, इतर प्रश्नांच्या मानाने, त्यांना सोपाच जात असल्याचं आधीच्या एका विश्लेषणात आढळलं होतं.

म्हणून प्रश्नांतला पक्षपात तपासताना नुसत्या नजरेला निकाल देऊ देत नाहीत, हिशेबही करतात. या हिशेबाची रीत आली ती कर्करोगाच्या संशोधनातून. मँटेल आणि हेन्झेल यांनी 1959 साली ती मांडली, आणि 1980च्या दशकात प्रिन्स्टनच्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’मधल्या हॉलंड आणि थेयर यांनी ती प्रश्नांना लावली. एका गटाला कमी गुण पडले एवढ्यावरून प्रश्न पक्षपाती ठरत नाही. शिकवण्यात, साधनांत खरीच तफावत असू शकते. तेव्हा बरोबरीच्यांनाच समोरासमोर आणायचं. एकूण वीस गुण मिळवणारी दोन्ही गटांतली मुलं घ्यायची, तपासायचा प्रश्न कुणाला किती सुटला ते मोजायचं. मग एकवीसवाली, बावीसवाली. दर पायरीला चार घरांचा एक तक्ता, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक गुणोत्तर. फरक नगण्य असेल तर शेरा ‘ए’, मध्यम असेल तर ‘बी’, ठळक असेल तर ‘सी’. ‘सी’ पडला की प्रश्न सहसा बाहेर.

पण हिशेबालाही एक आंधळी बाजू आहे. बरोबरीचे कोण, हे ठरतं त्याच चाचणीच्या एकूण गुणांवरून. अख्खी चाचणीच एका बाजूला कलली असेल, तर मोजपट्टीही तितकीच वाकडी, आणि तक्त्यात सगळं आलबेल दिसतं. तिथे पुन्हा माणसाची नजर लागते.

महाराष्ट्रात हिशेबाची अडचण वेगळ्या रूपात भेटते. मानसशास्त्रज्ञ कामत यांनी बिनेची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. नागपुरात मालिन यांनी वेक्स्लरची चाचणी भारतीय मुलांसाठी घडवली. परकी चित्रं, परकी नाणी बदलता येतात. पण मेळघाटातलं घरी कोरकू बोलणारं मूल आणि पुण्यातलं मराठी बोलणारं मूल यांची तुलना करायची, तर दोन्हीकडे निदान दोनेकशे मुलं लागतात. त्याहून कमी असली की गुणोत्तर दोन-चार उत्तरांनीही हेलकावे खातं. तेवढी मुलं मिळाली नाहीत, तर तपासनीस मुलाशेजारी बसून त्याला मोठ्याने विचार करायला सांगतो. उत्तर चुकलं तर का, हे तो विचारतोच. बरोबर आलं तरी ‘कसं काढलंस?’ म्हणून विचारतो, कारण प्रश्न न कळताही पर्यायांच्या लांबीवरून अचूक उत्तर हेरणारी पोरं असतात.