ताप आणि ऊन

मराठीत ‘ताप’ हा शब्द फार राबतो. उन्हाचा ताप, अंगातला ताप आणि डोक्याला झालेला ताप, या तिन्ही ठिकाणी तो सारख्याच सहजतेने वावरतो. विदर्भात त्यात आणखी एकाची भर पडते. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की मे महिन्याच्या अखेरीस नऊ दिवसांचा ‘नवतपा’ सुरू होतो. नागपुरात या दिवसांत पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि माणसाच्या अंगापेक्षा भोवतालची हवाच अधिक तापलेली असते. अशा दिवसांत लहान मुलाचे अंग कढत लागले, तर हा ताप कुठला, बाहेरचा की आतला, असा प्रश्न घरापुढे उभा राहतो.

महालातल्या एका जुन्या घरात अशाच एका रात्री हा प्रश्न उभा राहिला. अडीच वर्षांचा मुलगा दुपारच्या एस.टी.ने आईबरोबर वर्ध्याहून आला होता. संध्याकाळी तो मलूल झाला आणि रात्री नऊच्या सुमारास थर्मामीटरने 103 अंश दाखवले. आजी आतून गोधडी घेऊन आली. घाम फुटला की ताप उतरतो, हे तिने सासूकडून घेतलेले ज्ञान होते.

“आई, गोधडी नको. डॉक्टरांनी सांगितलंय, अंग उघडं ठेवा म्हणून.”

“अगं, तुझ्या नवऱ्याला मी अशीच गुंडाळून वाढवलाय.”

वरवर पाहता हा जुन्या-नव्याचा नेहमीचा वाद होता. वस्तुतः आजीच्याच भाषेत एक सूक्ष्म भेद दडलेला होता. मराठी माणूस ‘ताप आला’ म्हणतो आणि ‘ऊन लागले’ असेही म्हणतो. ताप येतो, ऊन लागते. वैद्यकशास्त्र नेमका हाच भेद करते. रोगजंतूंशी झगडताना मेंदूतील नियंत्रक केंद्र शरीराचे तापमान आपण होऊन वर नेते, तो ज्वर. पॅरासिटामॉल हे केंद्र पुन्हा खाली आणते. मात्र त्याची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, अंदाजावर नव्हे. उष्माघातात त्या केंद्राने काही ठरवलेले नसते. बाहेरची उष्णता शरीराला पेलवत नाही आणि निचऱ्याची व्यवस्थाच कोसळते. तिथे हे औषध निरुपयोगी ठरते. अंग ओले करणे, वारा घालणे आणि रुग्णालय गाठणे, एवढेच उपाय उरतात. 104 अंशांच्या पुढचे अंग, बरळणे, झटके किंवा हाकेला ओ न देणे ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहायची नसते.

मूल या दोहोंच्या कचाट्यात लवकर सापडते. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा विस्तार मोठा असतो, त्यामुळे तापलेल्या हवेतली उष्णता ते झपाट्याने ओढून घेते. त्याला घाम कमी येतो आणि तहान लागल्याचे ते नेहमी सांगूही शकत नाही. त्यात गोधडी पडली की उष्णतेची उरलीसुरली वाटही बंद होते.

त्या रात्रीचा मुलगा शुद्धीवर होता, रडत होता, आईला ओळखत होता. आईने त्याचे कपडे उतरवले, वजनाप्रमाणे औषध दिले आणि साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसून काढले. बर्फाचे पाणी तिने टाळले, कारण ज्वरात त्याने हुडहुडी भरते आणि आतली उष्णता उलट वाढते. गोधडी खुंटीवर गेली.

आजी काही वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, “लघवीला केव्हा गेला होता गं?”

सुनेला आठवेना. दुपारपासून तो गेलाच नव्हता.

आजी उठली. साखर-मीठ घातलेले पाणी वाटीत घेऊन ती नातवाच्या उशाशी बसली आणि चमच्याचमच्याने ते त्याच्या ओठांना लावू लागली. तो तोंड फिरवी, ती थांबे, पुन्हा चमचा पुढे करी. हा प्रकार पहाटेपर्यंत चालला. आजीची पहिली मुलगी अशाच एका मे महिन्यात गेली होती. तापात पाणी पाजू नये, असे तेव्हाच्या वडीलधाऱ्यांचे सांगणे होते आणि मुलगी पाणी मागत होती. ही गोष्ट घरात कधी बोलली जात नसे. गोधडी आजीने परंपरेकडून घेतली होती. पाण्याची वाटी मात्र तिने स्वतः, फार मोठी किंमत मोजून मिळवली होती.

मिठासाखरेच्या साध्या पाण्याचे मोल वैद्यकालाही उशिरानेच पुरते कळले. 1971 साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना ते पाजून असंख्य जीव वाचवले. तो आजार वेगळा होता. पण शरीरातून गेलेले पाणी आणि मीठ तोंडावाटे परत देता येते, हे सूत्र तेच.

पहाटे साडेचारला मुलाने अंथरूण ओले केले. एरवी ज्याबद्दल त्याला बोलणी बसली असती, त्यासाठी त्या पहाटे दोघींनी एकमेकींकडे पाहून हसून घेतले. सकाळी डॉक्टरांनी घसा पाहिला आणि हा उन्हाचा नव्हे, घशाचा ताप असल्याचे सांगितले. औषध लिहून देताना त्यांनी विचारले, “रात्री पाणी पाजत होतात ना?”

सून म्हणाली, “आई पाजत होत्या.”

घरी आल्यावर आजीने खुंटीवरची गोधडी काढली, नीट घडी घातली आणि हिवाळ्याच्या कपड्यांत ठेवून दिली.